तापमानाचा ताळमेळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी १७ एप्रिलच्या सायंकाळी संगणक आपोआप बंद पडला. त्या आठवड्यातील ही तिसरी वेळ होती. मार्चअखेरचे हिशेब टॅलीमध्ये पूर्ण करण्याचे काम चालू होते आणि मार्च महिन्याचे जीएसटीआर-३बी विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावयाचे होते. विलंब झाला तर विलंबशुल्क आणि व्याज, आणि वर्षभराच्या नोंदी गमावल्या तर नुकसानीला गणतीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलेल्या तरुण कारागिराने तापमान दाखविणारी एक प्रणाली पडद्यावर उघडली. अनेक आकड्यांच्या रांगेत एक आकडा लाल रंगात चमकत होता : १२७ अंश. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, ‘‘प्रोसेसर जळत आला आहे. नवीन संगणक घ्या. पस्तीस हजारांत काम होईल.’’

घरातील वडीलधारे अण्णा यांनी आपला निर्णय तत्काळ दिला. सुटी लागल्यापासून नातू दुपारभर संगणकावर खेळत असतो, त्यानेच यंत्राची ही अवस्था केली, असे त्यांचे म्हणणे. मुलगा खालमानेने उभा राहिला. पेढीचे हिशेब सांभाळणाऱ्या सूनबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘‘अण्णा, बँकेचा उतारा आणि आपली वही जुळली नाही, तर आपण लगेच कोणाला चोर ठरवतो का? आधी ताळमेळ घालतो. इथेही तेच करू या. मला एक दिवस द्या.’’

अण्णांनी एक दिवस दिला.

सूनबाईंनी सर्वप्रथम जे केले, ते रोगनिदान नव्हते. टॅलीचा संपूर्ण डेटा त्यांनी एका पेन ड्राइव्हवर आणि घरातील लॅपटॉपवर उतरवून घेतला. यंत्र तापते आहे अशी शंका आली की ते चालू असेपर्यंत हे काम उरकावे. प्रोसेसर बाजारात पुन्हा मिळतो; वर्षभराच्या नोंदी मिळत नाहीत.

त्यानंतर १२७ या आकड्याची तपासणी झाली. प्रोसेसरच्या आतच तापमान ओळखणारे सूक्ष्म संवेदक बसविलेले असतात. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास, तर एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांची ९५ अंश असते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता बरीच पुढे गेली, तर यंत्र बंद करतो. मग १२७ अंशांवर संगणक निवांत चालू कसा? उत्तर सोपे निघाले. तो आकडा प्रोसेसरचा नव्हताच. मदरबोर्डवर काही जागा अशा असतात की जिथे संवेदक जोडलेलाच नसतो, आणि प्रणाली त्या रिकाम्या जागेचाही आकडा छापते. संगणकाच्या आठ बिटांच्या धन-ऋण गणनेत मावणारी सर्वांत मोठी संख्या १२७ आहे, म्हणून तीच पुष्कळदा दिसते. खरे तापमान कामानुसार वर-खाली होते. तासभर पाहूनही हा आकडा तसूभर हलला नाही. खातेच नसलेल्या माणसाच्या नावावर दाखविलेली ही बाकी होती.

असे फसवे आकडे कंपन्यांच्या स्वतःच्या योजनेतूनही येतात. २०१७ साली आलेल्या रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांचे दर्शविलेले तापमान प्रत्यक्षाहून २० अंशांनी जास्त ठेवले होते, जेणेकरून पंख्यांचे नियंत्रण सर्व प्रोसेसरांवर एकसारखे चालावे. ज्यांना हे ठाऊक नव्हते, त्यांना ५० अंशांवरचा प्रोसेसर ७० अंशांवर दिसला आणि त्यांची झोप उडाली. म्हणून कोणताही आकडा पाहिला की तो कशाचा आहे, हे आधी विचारावे.

याचा अर्थ सारे आलबेल होते असा नाही. प्रोसेसरच्या गाभ्यांचे, म्हणजे ‘कोअर’ या नावापुढचे, आकडेही चढेच होते. सूनबाईंनी ते दुसऱ्या एका प्रणालीवर पडताळले. मग संगणक पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जाऊन तिथला आकडा पाहिला. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नसल्याने तेथील आकडा थोडा जास्त असू शकतो. तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. आता त्यांवर विश्वास ठेवण्यास हरकत नव्हती.

जुन्या खतावणीतील एक कोरे पान घेऊन त्यांनी चार रकाने आखले : वेळ, खोलीचे तापमान, चालू असलेले काम, प्रोसेसरचे तापमान. नोंदी लिहिण्याचे काम नातवाकडे दिले. खोली ३६ अंशांवर होती. काहीही उघडलेले नसताना प्रोसेसर ६२ अंशांवर होता. टॅलीचे मोठे अहवाल आणि इतर कामे एकदम सुरू करताच अर्ध्या मिनिटाच्या आत तो ९८ वर पोहोचला आणि संगणक मंदावला.

या तीन आकड्यांत पुष्कळ काही दडलेले होते. यंत्र निवांत असताना पडद्यामागे एखादी छुपी प्रणाली राबत असेल, तरीही तापमान चढते. आभासी चलनाचे उत्खनन करणारे विषाणू असे करतात. टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर प्रोसेसरचा वापर जेमतेम तीन-चार टक्के होता. ही शंका मिटली. दुसरी खूण तापमान चढण्याच्या गतीची. धूळ साचली, हवा अडली किंवा खोली तापली, तर आकडा मिनिटामिनिटाने सावकाश वर जातो. तो काही क्षणांतच उसळला, तर प्रोसेसरची उष्णता त्यावर बसविलेल्या धातूच्या हीटसिंकपर्यंत नीट पोहोचत नाही, असा संशय घ्यावा.

या संशयाची परीक्षा हाताने करता येते. सूनबाईंनी संगणक बंद केला, वायर भिंतीतून काढली, कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवली आणि लगेच झाकण उघडून हीटसिंकला हळूच बोट लावले. प्रोसेसर क्षणापूर्वी ९८ अंश सांगत होता आणि हीटसिंक कोमट होता. तो चटका देण्याइतका तापलेला असता, तर उष्णता तिथवर येते पण पंखा ती बाहेर टाकत नाही, असा अर्थ झाला असता. तो कोमट असल्याने अडथळा त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये होता.

हीटसिंकच्या पात्यांत हळदीच्या पिवळ्या धुळीचा थर होताच. माय-लेकांनी आधी मऊ कुंचल्याने कोळ्याचे जाळे आणि त्यातील जीव जयणेने बाजूला केले, मग पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून ब्लोअरने धूळ उडवली. पाती मोकळी सोडली तर पंखा वाऱ्याने भरधाव फिरून बिघडू शकतो. पुन्हा नोंद घेतली : ६२ वरून ५९. तीनच अंश. धूळ दोषी होती, पण मुख्य आरोपी नव्हे. एका वेळी एकच बदल करून नोंद घेतली, म्हणूनच हे कळले. धूळ, पेस्ट आणि पंखा एकदम बदलले असते, तर कशाने गुण आला ते कधीच समजले नसते.

हीटसिंक उतरविण्याचे काम मात्र त्यांनी घरी केले नाही. बाजारातील एका वयस्क, अनुभवी कारागिराला सायंकाळी बोलावले आणि खतावणीचे पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते पान वाचले आणि थेट हीटसिंकच्या चार कोपऱ्यांतील प्लॅस्टिकच्या खिट्यांना हात लावला. तीन घट्ट होत्या. चौथी भोकातून निसटून वर आली होती. हीटसिंक एका बाजूने किंचित उचलला गेला होता आणि खालची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली होती.

‘‘हा संगणक कधी हलवला होता का?’’ त्याने विचारले.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णाच म्हणाले, ‘‘दिवाळीत मीच दुकानातून घरी आणवला. स्कूटरवर आडवा टाकून.’’

मग एप्रिलपर्यंत तो नीट कसा चालला, हा प्रश्न त्यांनीच पुढे केला. त्याचेही उत्तर खतावणीच्या दुसऱ्या रकान्यात होते. खोली जितकी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही वर जातो. हिवाळ्यात खोली वीस-बावीस अंशांवर असताना हाच दोष पोटात राहिला. उन्हाळ्याचे चौदा-पंधरा अंश त्यात मिळाले आणि मर्यादा ओलांडली गेली. नातवाच्या खेळांनी प्रोसेसरला काम दिले, पण काम करण्यासाठीच तो बनविलेला असतो.

कारागिराने जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मध्यभागी वाटाण्याहून लहान असा नव्या पेस्टचा थेंब ठेवला आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतील खिट्या आळीपाळीने ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्या. पेस्टसह पाचशे रुपये घेतले. रात्री पुन्हा नोंद झाली : निवांत असताना ४४, भर कामात ७१. १९ तारखेला विवरणपत्र भरले गेले.

प्रत्येक घरी खिटीच निसटलेली असेल असे नाही. कोठे पंखा थकलेला असतो, कोठे नव्या हीटसिंकच्या तळाचे संरक्षक प्लॅस्टिक काढायचेच राहिलेले असते, तर कोठे कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात गुदमरत असते. झाकण उघडताच तापमान बरेच उतरले, तर दोष हवेच्या वाटेत आहे असे समजावे आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर तरी दूर ठेवावे. बंद पडण्याच्या क्षणी तापमान चढलेलेच नसेल, तर शोध वीजपुरवठ्याकडे वळवावा. वर्षातून दोनदा धूळ काढावी आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी निवांत व कामातील तापमान लिहून ठेवावे. मागील आकडा हाताशी असला, तरच आजचा आकडा चढा की नेहमीचा, हे सांगता येते.

सांगलीच्या त्या घरी खतावणीचे ते पान आता संगणकाच्या बाजूला चिकटविलेले आहे. विवरणपत्र भरले गेले त्या सायंकाळी अण्णांनी नातवाला जवळ बोलावले. माफी मागण्याची त्यांची पद्धत निराळी होती. चष्मा त्याच्या हाती देत ते म्हणाले, ‘‘ये, बैस. आजचा आकडा तू वाच, मी लिहितो.’’