नवी बाइक घेतलीत? पहिलं ऑइल कधी बदलायचं ते रीलला विचारू नका

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि दसरा-दिवाळीला शोरूममध्ये गर्दी झाली. त्या गर्दीत मीही होतो. बाइक दारात उभी राहते न राहते तोच फोनवर सल्ले सुरू झाले. एक रील म्हणे, १०० किमीलाच ऑइल काढा. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "२,००० पर्यंत हात लावू नकोस." मग खरं काय?

पहिलं ऑइल लवकर का बदलतात?

नव्या इंजिनात पिस्टन रिंग, सिलिंडर आणि गिअर एकमेकांवर घासून नीट बसतात. त्यात धातूचे बारीक कण सुटतात आणि ऑइलमध्ये मिसळतात. गिअरच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल असतं, तेही जेमतेम लिटरभर. म्हणून बऱ्याच कंपन्या ५०० ते १,००० किमीच्या दरम्यान ते बदलायला सांगतात.

कारचं गणित वेगळं. तिथे गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, इंजिनात तीन-चार लिटर ऑइल आणि मोठा फिल्टर असतो. त्यामुळे बऱ्याच पेट्रोल कारची १,००० किमीची पहिली सर्व्हिस फक्त तपासणीची असते. ऑइल १०,००० किमी किंवा एक वर्षाने बदलतात. कारवाल्या काकांचा सल्ला बाइकला लागू होत नाही, तो यामुळे.

माझी चूक कुठे झाली?

मी फक्त किलोमीटर बघत बसलो. घरूनच काम, त्यामुळे दोन महिन्यांत बाइक जेमतेम ४०० किमी चालली. सर्व्हिस सेंटरला गेलो तर उत्तर मिळालं, "सर, दिवस उलटून गेले, फ्री कूपन चालणार नाही." मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: इतके किमी किंवा इतके दिवस, जे आधी होईल ते. कोडमध्ये रोज 'किंवा'ची अट लिहिणारा मी, इथे अर्धीच अट वाचली! मजुरीचे पैसे गेलेच, पण खरी भीती वॉरंटीची. ठरलेली सर्व्हिस चुकली तर पुढे इंजिनाचा क्लेम अडकू शकतो.

मग करायचं काय?

- मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो काढा आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधीचा रिमाइंडर लावा.
- मॅन्युअलमधलाच ग्रेड टाका. गिअरच्या बाइकला सहसा 'जासो एमए' किंवा 'एमए२' लागतं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. स्कूटरचा ग्रेड वेगळा असू शकतो.
- फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री. ऑइलचे पैसे बहुधा द्यावेच लागतात. बिलावर ऑइलचा ग्रेड आणि किमी लिहून घ्या, बिल जपून ठेवा.

१०० किमीला ऑइल बदललं तर इंजिन बिघडणार नाही, पण खर्च वाढेल आणि ठरलेली सर्व्हिस तरीही करावीच लागेल. दिवाळीत बाइक घेतली असेल तर आज ओडोमीटर बघाच, पण त्याआधी कॅलेंडर बघा.