नव्या वेष्टनातील जुना चेंडू

२०२० सालच्या अखेरीस एका परीक्षणाने संगणकावरील खेळांच्या दुनियेत बरीच खळबळ उडवून दिली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचा 'फिफा २१' हा फुटबॉलचा खेळ निन्टेंडोच्या 'स्विच' यंत्रासाठी बाजारात आला, तेव्हा 'आयजीएन' या प्रतिष्ठित परीक्षण-संस्थेने त्यावर नवे परीक्षण लिहिण्याचे कष्टच घेतले नाहीत. आदल्या वर्षीचाच मजकूर किरकोळ फेरफार करून तिने पुन्हा प्रसिद्ध केला आणि खेळाला दहापैकी दोन गुण दिले. खेळ गतवर्षीचाच, खेळाडूंच्या याद्या आणि गणवेश तेवढे बदललेले. मग समीक्षकाने तरी नवे काय लिहावे, असा हा रोकडा सवाल होता. कंपनीने त्या आवृत्तीला 'लेगसी' असे नाव देऊन आपली बाजू आधीच सावरून धरली होती. गिऱ्हाइकाला पैसे मात्र नव्यानेच मोजावे लागत होते.

असल्या पोरखेळावर अग्रलेख कशाला, असे आमचे काही वयस्क वाचक म्हणतील. पण फुटबॉल हा गोमंतकात पोरखेळ कधीच नव्हता. भारताच्या संघाचे कर्णधारपद भूषविणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच मातीतले. भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतात बांबूचे गोल उभे राहत, आणि वाड्यावाड्यांतील वैरे-मैत्र्या तेथेच निकालात निघत. आज तीच मुले संध्याकाळी पडद्यासमोर बसतात. २०२१ च्या 'फिफा २२' मध्ये इंडियन सुपर लीगचा प्रथमच समावेश झाला आणि एफसी गोवा हा आपला संघही त्या पडद्यावर अवतरला. आपल्या खेळाडूची प्रतिमा दूरदेशीच्या यंत्रात पाहून पोरांना हर्ष झाला असेल, तर तो स्वाभाविकच होय. तेव्हा या मालाचे मोल काय, ही चौकशी आता आपल्या घरचीही झाली आहे.

१९९३ पासून ही मालिका वर्षाला एक आवृत्ती या क्रमाने निघत आली आहे. २०२२ च्या 'फिफा २३' नंतर जागतिक फुटबॉल महासंघाशी असलेला नावाचा करार संपला आणि २०२३ च्या सप्टेंबरात तोच खेळ 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' या नावाने आला. वार्षिक आवृत्ती हा मुळात गुन्हा नव्हे. आपण दरवर्षी नवे पंचांग घेतो ते गणिताची रीत बदलली म्हणून नव्हे, ग्रह हलले म्हणून. फुटबॉलमध्येही खेळाडू संघ बदलतात, जुने निवृत्त होतात, नवे उगवतात. त्यांची नोंद कोणी तरी ठेवायला हवी. परंतु पंचांगकर्ता आपल्या पुस्तकाला कादंबरीची किंमत लावीत नाही, आणि यंदा ग्रहगती क्रांतिकारक रीतीने सुधारल्या आहेत अशी द्वाही फिरवीत नाही. येथे नेमके तेच घडते.

मग समीक्षक काय करतात? २०१९ च्या 'फिफा २०' चे उदाहरण बोलके आहे. परीक्षणांची गोळाबेरीज करणाऱ्या 'मेटाक्रिटिक'वर जाणत्या परीक्षकांची सरासरी शंभरात ऐंशीच्या आसपास होती. खेळणाऱ्या सामान्य जनांनी मात्र दहापैकी दोन गुणही दिले नाहीत. संघव्यवस्थापनाच्या विभागात इतके दोष राहिले होते की ते दुरुस्त करा म्हणून खेळाडूंनी जाहीर मोहीमच चालविली. आता रागाच्या भरात शून्य देणाऱ्यांची संख्या यात मोठी असते हे खरे. नाटकाला शिट्ट्या मारणारा सगळाच प्रेक्षक रसिक नसतो! तरीही ही दरी केवळ हुल्लडीने पडत नाही. परीक्षकाच्या हाती खेळ येतो तो विक्रीच्या थोडे दिवस आधी, बहुधा कंपनीच्याच कृपेने. चेंडू कसा वळतो, गवत कसे दिसते हे तो पाहतो आणि प्रामाणिकपणे लिहितो. पुढे वर्षभर खेळाडूच्या खिशाला काय चाट बसते, ते त्याच्या लेखात येऊच शकत नाही.

परीक्षक आणि प्रेक्षक एकमुखाने बोलले म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले. जपानच्या कोनामी कंपनीने आपली नामांकित फुटबॉल-मालिका गुंडाळून ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'ईफुटबॉल २०२२' हा फुकट खेळ दिला. त्यातील नामवंत खेळाडूंचे वेडेवाकडे चेहरे पाहून जग हसले, आणि एक-दोन दिवसांतच 'स्टीम' या विक्रीकेंद्रावर सर्वांत वाईट शेरे मिळविणारा खेळ अशी त्याची अपकीर्ती झाली. कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली. नोव्हेंबरात द्यावयाची सुधारित आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये निघाली. टीका एवढी परिणामकारक ठरू शकते, हे या प्रकरणाने दाखविले.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या बाबतीत टीकेचा बाण बोथट का पडतो, याचे उत्तर तिच्या हिशेबात आहे. 'अल्टिमेट टीम' या विभागात पैसे देऊन बंद पाकिटे घ्यावयाची. आत कोणता खेळाडू निघेल ते फोडल्यावाचून कळत नाही. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात तिच्या सर्व क्रीडा-खेळांतील या विभागांचे उत्पन्न सुमारे १६२ कोटी डॉलर, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के होते. बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरविले आणि कंपनीला तेथील विक्री थांबवावी लागली. नेदरलँड्सने एक कोटी युरोंचा दंड ठोठावला. पण मार्च २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला, कारण पाकिटे हा वेगळा खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा भाग आहेत. न्यायाधीशांच्या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण जत्रेतला गडगडाही मोठ्या जत्रेचाच भाग असतो, म्हणून कोणी त्याला देवदर्शन म्हणत नाही.

मांडवीतील कॅसिनोंत गोमंतकीयांना १ फेब्रुवारी २०२० पासून मज्जाव आहे, असे आपले सरकार सांगते. घरातल्या बारा वर्षांच्या मुलापुढील पाकिटाला तो मज्जाव लागू नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला खरा. पण पाकिटातून निघालेला खेळाडू कंपनी पैशांत मोडून देत नाही, तेव्हा हा जुगार की साधी खरेदी, हा वाद येथेही उभा राहणारच. तोवर आमची मागणी परीक्षकांकडे आहे. पुढल्या आवृत्तीचे परीक्षण लिहिताना त्यांनी चेंडूच्या गतीबरोबर पाकिटांचा भावही लिहावा, हवा तो खेळाडू निघण्याची शक्यता किती तेही छापावे, आणि सहा महिन्यांनी तोच खेळ पुन्हा उघडून गुण नव्याने द्यावेत.