पाळण्याआधीची बोलणी

घरात पहिले बाळ येणार म्हटले की आपल्याकडे तयारीत काही कमी पडत नाही. सातव्या महिन्यात गोदभराई होते, माहेरी कधी जायचे ते ठरते, नावासाठी फूफीपासून खालापर्यंत सगळ्यांची मते घेऊन होतात, अकीक्याच्या बोकडांचे भावसुद्धा काढून ठेवले जातात. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथेही सुना जाऊ लागल्या आहेत, हे चांगलेच. एक बोलणे मात्र राहून जाते. या मुलाला आपण दोघे वाढवणार कसे?

विचारले तर उत्तर येते, "आपल्याला वाढवले तसे." पण दोघांना एका घरात कुठे वाढवलेले असते? त्याच्या घरी अब्बा दारात आले की सगळे आवाज बंद. ती भावंडांत धाकटी, तिला कुणी 'नाही' म्हटलेलेच नाही. मूल दोन वर्षांचे झाले की ही दोन घरे एकमेकांसमोर उभी राहतात, तीही मुलादेखत.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात लहान मुलांच्या आईवडिलांचा अभ्यास करून पालकांचे तीन प्रकार सांगितले. हुकूम देणारे पण कारण न सांगणारे. लाड करणारे आणि कशालाच न अडवणारे. आणि नियम पाळायला लावणारे, पण मुलाचे ऐकून घेणारे, कारण समजावणारे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा प्रकार जोडला, ज्यांचे मुलाकडे लक्षच नसते. यातली आम्हाला मोलाची वाटलेली गोष्ट अशी की माया आणि शिस्त इथे वेगवेगळी मोजली आहे. एक वाढली म्हणून दुसरी घटत नाही. आपल्याकडे मात्र अब्बू कडक, अम्मी मऊ, म्हणजे हिशोब बरोबर, असे समजतात. हिशोब बरोबर होत नाही. मूल फक्त कोणते दार ठोठवायचे ते शिकते.

सहीह बुखारीतल्या दोन घटना या संदर्भात एकत्र आठवाव्यात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नातू हसन (रजि.) यांचे चुंबन घेतले, तेव्हा अकरा बिन हाबिस म्हणाले की मला दहा मुले आहेत, मी कधी कुणाचे चुंबन घेतले नाही. जो दया करत नाही त्याला दया मिळत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. आणि याच हसन (रजि.) यांनी बालपणी सदक्याची खजूर तोंडात टाकली तेव्हा प्रेषितांनी (स.) ती थुंकायला लावली, वर कारणही सांगितले की आपण सदका खात नाही. लाड करणारे आणि अडवणारे एकच होते.

मग बाळ येण्याआधी काय ठरवायचे? सगळे ठरत नाही, आणि ठरलेले सगळे टिकतही नाही. तरी तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. हात उगारायचा नाही, हे दोघांना मान्य आहे का? एकाने 'नाही' म्हटले तर दुसरा मुलासमोर 'हो' म्हणणार नाही ना? मतभेद असेल तर मूल झोपल्यावर बोलावे. आणि रडणाऱ्या बाळाच्या हातात मोबाइल कोण देणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. आम्हाला वाटते, या बाबतीत अम्मीपेक्षा थकून घरी आलेल्या अब्बूंनाच जास्त जपावे लागेल.

राहिली घुट्टी आणि मध. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि मध तर वर्षभर नकोच, त्यातून अर्भकाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे दादीला कोणी सांगायचे, तेही आधीच ठरवावे. सुनेने सांगितले तर मोहल्ल्यात चर्चा होते. मुलाने आपल्या अम्मीला सांगितले तर ती फार तर दोन दिवस रुसते.