देणगीआधी हिशेब

मुलांच्या मराठी वर्गासाठी प्रायोजक शोधायला मी सेंदाईतल्या एका कंपनीत गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: संस्थेची नोंदणी आणि गेल्या वर्षीचा हिशेब. माझ्याकडे दोन्ही नव्हते. राग आला, पण चूक आपलीच.

भारतातल्या कंपन्यांकडे वळावे, तर २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात खरे. पण तो खर्च भारतातच व्हावा लागतो.

जपानमध्ये कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर, १९९८ साली स्वयंसेवी संस्थांचा कायदा झाला. नोंदणीला किमान १० सभासद लागतात. तेवढे तर आपल्या एका पंगतीला असतात!

तेव्हा मंडळींनो, नोंदणीचा अर्ज करू, वर्गणीचा पै-पैचा हिशेब छापू. मग ताठ मानेने मागता येईल.