काठ नसलेली वेळ

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. टाळेबंदीत शाळेसाठी मुलांच्या हाती फोन आले, ते शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हा २०२२ साली गावाने ठरवले : सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की मोबाइल व टीव्ही बंद. दीड तासाने तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा.

पुष्कळांना यात शिस्त दिसली. मला मापन दिसते. पट्टीवर रेघा नसतील तर ती नुसती फळी! काळाचेही तसेच आहे. लंबक टोकाला जाऊन परततो, म्हणून आपण त्याची आंदोलने मोजू शकतो. आमच्या रत्नागिरीत मांडवीला भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पण ती संपून ओहोटी लागली, हे पाणीच सांगते.

समाजमाध्यमांतून नेमकी ही खूण काढून टाकलेली आहे. पूर्वी संगणकावरचे पान संपे, पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे, तेवढा हात थांबे. २००६ साली आझा रास्किन या अमेरिकी आरेखकाने न संपणारे पान तयार केले. पुढे त्याचे त्यालाच वाईट वाटले, पण तोवर ते जगभर पसरले होते. ज्या पानाला शेवटच नाही, तेथे थांबायचे कोठे? म्हणून 'मन घट्ट करा' हा उपदेश मला अपुरा वाटतो.

२०१८ साली अमेरिकेत काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांना रोज सरासरी तासभर मोकळा मिळाला. समाधानही वाढले, मात्र थोडेच; चमत्कार झाला नाही. माझ्या वर्गातली जी मुले या माध्यमांतून बाहेर पडली, ती 'वेळ वाचला' असे क्वचितच म्हणतात. दिवस मोठा वाटतो, घाई वाटत नाही, असे सांगतात. दिवस २४ तासांचाच. वाढल्या त्या त्यातल्या खुणा.

वडगावाचे मला विशेष वाटते ते हे, की तेथे सगळ्यांनी एकदम फोन ठेवला. एकट्या मुलाला हे जड जाते. आई-बाबांच्या हाती फोन असला तर जातेच! रात्री आठला फोनवर गृहपाठ धाडणाऱ्या शिक्षकांनीही याचा विचार करावा.

घरी भोंग्याची गरज नाही, गजराचे घड्याळ पुरे. आज फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, डोळे मिटून पाच मिनिटे झालीशी वाटली की घड्याळ पाहा आणि आकडा वहीत लिहा. आठवडाभर सर्वांनी फोन बंद ठेवून पाहा, मग हाच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही आकडे वर्गात ताडून पाहा.