परवानाधारक पिशाच्चें

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पाश्चात्त्य कल्पित वाङ्मयांत एक नवेंच नगर वसलें आहे. त्याचें नांव कधीं शिकागो असतें, कधीं मॉस्को असतें, तर कधीं मुळींच सांगितलेलें नसतें. पण त्याची घटना सर्वत्र एकच. वरून पाहतां तें तुमच्याआमच्या शहरासारखेंच दिसतें. रस्ते, दिवे, कचेऱ्या, भाड्याचीं बिऱ्हाडें सारें यथास्थित. परंतु तेथील खरी सत्ता नागरिकांच्या हातीं नसून रात्रीं हिंडणाऱ्या अमानुष टोळ्यांच्या हातीं असते. एका पेठेंत रक्तपिपासू पिशाच्चें, दुसरींत लांडग्याचें रूप घेणारे नर, तिसरींत जादूगार. शिवाय त्यांचे तह, त्यांचे तंटे आणि त्यांच्या पंचायती. ह्या नगराचा नायक बहुधा रक्तपिपासूच असतो. आणि तो आतां शवपेटींत निजणारा हिडीस थेरडा नसून सुसंस्कृत, खिन्न, कर्तव्याच्या पेंचांत सांपडलेला तरुण गृहस्थ असतो. भुताखेतांची गोष्ट आतां कोठें वयांत आली, असें ह्या वाङ्मयाचे चाहते म्हणतात. आमचें मत नेमकें उलट आहे, आणि तें स्पष्टपणें मांडणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

प्रथम ह्या प्राण्याची वंशावळ थोडक्यांत पाहूं. १७२५ ते १७३२ या काळांत, तेव्हां ऑस्ट्रियाच्या ताब्यांत असलेल्या सर्बियाच्या खेड्यांतून अशा बातम्या येऊं लागल्या कीं, पुरलेले मृत रात्रीं उठून जिवंतांचें रक्त पितात. लष्करी शस्त्रवैद्यांनीं थडगीं उकरून पंचनामे केले, आणि ते वाचून युरोपांतल्या विद्वानांत मोठा वाद माजला. अखेर महाराणी मारिया थेरेसा हिनें आपला वैद्य व्हान स्वीटेन याजकडून चौकशी करविली आणि १७५५ सालीं प्रेतें उकरून जाळण्यास बंदी केली. सरकारदरबारीं पिशाच्च मेलें. वाङ्मयांत मात्र तें पुनः उठलें. १८१९ सालीं जॉन पोलिडोरी या तरुण इंग्रज वैद्यानें त्याला उमरावाचा पोशाख चढविला, आणि १८९७ सालीं ब्रॅम स्टोकर यानें ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहून त्याला लंडनच्या उंबरठ्यावर घर घेऊन दिलें.

‘ड्रॅक्युला’ ही निर्दोष कृति नव्हे. पूर्वेकडून आलेला परका आमचें रक्त नासवील, ही त्या काळच्या लंडनवासीयाची भीति तींत उघड उघड वावरते. आणि ज्यांना त्याच लंडननें दीर्घकाळ अंकित ठेविलें त्या आम्हांला तिचा वास चटकन् येतो. पण त्या कथेंत एक मोलाची गोष्ट होती. ज्याचें रक्त जातें त्याला तेथें नांव होतें. ल्यूसी मरते तेव्हां तिचा मृत्यु हा कथेंतला नुसता आंकडा नसतो. तो कथेच्या वर्मीं बसलेला घाव असतो. हॅम्पस्टेडच्या माळावर लहान मुलांना इजा होते तेव्हां ती वर्तमानपत्रांत छापून येते. आणि त्या संकटाशीं झुंजणारी मंडळी तरी कोण? एक वकील, त्याची पत्नी, दोन डॉक्टर, एक उमराव आणि एक अमेरिकन मित्र. त्यांचीं हत्यारें लसूण आणि लांकडी खुंटी एवढींच नव्हेत. लघुलेखन, टंकलेखनाचें यंत्र आणि आगगाडीचें वेळापत्रक हींही त्यांचीं हत्यारें होत. माणसें आपापलीं टिपणें एकत्र करतात आणि त्या एकत्र केलेल्या ज्ञानाच्या बळावर अमानुष शक्तीला हटवितात, हा त्या कादंबरीचा कणा आहे.

आतां नवें नगर पाहा. १९९१ सालीं अमेरिकेंत ‘व्हँपायर : द मॅस्करेड’ नांवाचा, अनेकांनीं मिळून गोष्ट रचीत खेळावयाचा खेळ निघाला. त्यांत खेळगडी स्वतःच रक्तपिपासू होतात. शहरावर पिशाच्चांच्या ‘प्रिन्स’चा अंमल असतो, त्याच्या भोंवतीं निरनिराळीं कुळें आणि पक्ष, आणि पहिला कायदा हा कीं, आपण आहों हें मनुष्यांना कळूं द्यावयाचें नाहीं. १९९८ सालीं सर्गेई लुक्यानेंको यांची ‘नाइट वॉच’ या इंग्रजी नांवानें ओळखली जाणारी रशियन कादंबरी आली. २००४ सालीं तिच्यावर चित्रपटही निघाला. तींतल्या मॉस्कोंत प्रकाशाचा पक्ष आणि अंधाराचा पक्ष यांच्यांत प्राचीन तह आहे. रात्रीं प्रकाशवाल्यांनीं अंधारवाल्यांवर पहारा ठेवावयाचा, दिवसा अंधारवाल्यांनीं प्रकाशवाल्यांवर. एका पक्षानें सत्कृत्य केलें तर दुसऱ्याला तेवढ्याच वजनाच्या दुष्कृत्याचा हक्क मिळतो. रक्तपिपासूंना मनुष्याची शिकार करण्याचे रीतसर परवाने मिळतात, आणि ह्या व्यवस्थेंत प्रकाशाचा पक्षही सामील असतो. २००३ सालच्या ‘अंडरवर्ल्ड’ या चित्रपटांत तर रक्तपिपासू आणि नरलांडगे यांचें शतकानुशतकांचें युद्ध चालू असतें. आणि ज्या एका मनुष्याभोंवतीं कथा फिरते त्या तरुण डॉक्टरचें मोल तो काय करतो यांत नसून त्याच्या नसांत कोणत्या वंशाचें रक्त आहे यांत असतें.

ह्या प्रकाराच्या समर्थनार्थ तीन मुद्दे पुढें केले जातात. पहिला मुद्दा वास्तवतेचा. निर्भेळ चांगलें आणि निर्भेळ वाईट ही कल्पना बाळबोध झाली; खरें जग करड्या रंगाचें असतें, असें आम्हांस सांगण्यांत येतें. १९९१ सालीं सोव्हिएट राज्य कोसळल्यावर मॉस्कोंतल्या दुकानदाराला कोणत्या तरी टोळीचें ‘छप्पर’ घ्यावें लागे. खंडणी घेऊन दिलेल्या संरक्षणाला तेथें हाच शब्द रूढ होता. दोन टोळ्यांचा समेट म्हणजेच शांतता, असा ज्या शहराचा अनुभव त्यानें अशी कादंबरी लिहिली तर नवल काय? नवल मुळींच नाहीं. उलट आम्ही म्हणतों कीं, रक्त शोषणारा परदेशांतून पेटींत बसून येत नाहीं, तो शहरांतलाच असतो, हें ओळखणें ही ह्या नव्या कथांची खरी कमाई होय. व्हॉल्टेअरनें अठराव्या शतकांतच थट्टा केली होती कीं, लंडन-पॅरिसांत रक्त पिणारे आहेत खरे, पण ते सट्टेवाले आणि धंदेवाले असून भर दिवसा पितात, आणि राहतात ते थडग्यांत नव्हे, वाड्यांत. परंतु व्हॉल्टेअर ही थट्टा ज्यांचें रक्त जातें त्यांच्या वतीनें करतो. नव्या नगरांत मात्र खंडणी घेणाऱ्यांच्या कुळांचे, मानापमानांचे आणि तहांच्या कलमांचे बारकावे पानेंच्या पानें व्यापतात, आणि खंडणी देणाऱ्या दुकानदाराच्या वांट्याला एक ओळही येत नाहीं. करडा रंग दोन टोळ्यांच्या मधला असेल. मारणारा आणि मरणारा यांच्या मधला तो नव्हे. अर्धें चित्र काढून त्याला वास्तव म्हणणें ही वास्तवता नव्हे, तो पक्षपात होय.

दुसरा मुद्दा अंतर्मुखतेचा. हा नवा रक्तपिपासू स्वतःशीं झगडतो, असें सांगतात. वर सांगितलेल्या खेळांत त्याच्या मनुष्यपणाला गुण असतात आणि दुष्कृत्यांबरोबर ते घटत जातात. लुक्यानेंको यांचा नायक अँटन हा स्वतः रक्तपिपासू नव्हे, तो प्रकाशाच्या पक्षाचा पहारेकरी आहे. पण त्याच्याच इमारतींत एक रक्तपिपासू कुटुंब राहतें, त्यांतल्या तरुणाशीं त्याचा स्नेह आहे, आणि स्नेह व पहारा यांच्या ओढाताणींत तो आपल्या कचेरीच्या न्यायाबद्दलच साशंक होतो. हें आम्ही नाकारीत नाहीं. त्या कादंबरीला इतरांहून वरचें स्थान आम्ही देतों तें याच कारणानें. परंतु हिशेबाची वही कोणाच्या नांवानें ठेविली आहे तें वाचकांनीं पाहावें. एका मुलीचा जीव गेला. जमाखर्चांत ती रक्कम कोठें पडते? मारणाऱ्याच्या खात्यावर, त्याच्या मनुष्यपणांतली घट म्हणून. तिचें स्वतःचें खातेंच नाहीं. पश्चात्तापानें पोळणाऱ्याचें दुःख वर्णन करण्यास रम्य असतें हें खरें. पण ज्याला दुःख करावयास जीवच उरला नाहीं त्याची दाद कोणीं घ्यावी?

तिसरा मुद्दा करमणुकीचा, आणि तो सर्वांत फसवा. हीं सारीं भुतांचीं सोंगें, त्यांना इतकें मनावर कां घ्यावें, असा प्रश्न सुज्ञ गृहस्थही विचारतात. आमचें उत्तर असें : करमणूक होत असतां माणूस कोणाच्या जागीं जाऊन बसतो याची तो स्वतः चौकशी करीत नाहीं, म्हणूनच ती इतरांनीं करावी लागते. ह्या नगराची कथा वाचणारा मुलगा स्वतःला तेथला दूधवाला किंवा कारकून समजत नाहीं. तो प्रिन्सच्या दरबारांत मानाची जागा घेऊन बसतो. कळप कसा राखावा, प्रतिपक्षाला किती पेठा सोडाव्या, आणि मुख्य म्हणजे लोकांना कांहीं कळूं कसें द्यावयाचें नाहीं, ह्याचा विचार तो तेथून करूं लागतो. ‘लोकांना कळलें तर अनर्थ होईल’ हें वाक्य त्या नगरांतल्या प्रत्येक पक्षाच्या तोंडीं आहे. जगांतल्या प्रत्येक जुलमी सत्तेनें हेंच वाक्य उच्चारलें आहे. ज्या घरांत वर्तमानपत्र येतें आणि मतदानाला जाण्याची रीत आहे, त्या घरांतल्या मुलांनीं हें वाक्य शहाणपणाचें म्हणून उचलावें, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं.

येथें आमच्या वाचकांस वेताळाची आठवण होईल, आणि ती होणें युक्त आहे. कारण १८७० सालीं रिचर्ड बर्टन यानें वेताळाच्या कथा इंग्रजींत आणल्या त्या ‘विक्रम अँड द व्हँपायर’ या नांवानें. तें नांव फसवें आहे. वेताळपंचविशींतला वेताळ राजाच्या रक्ताचा भुकेला नाहीं. तो राजाच्या खांद्यावर बसून त्याला न्यायाचे प्रश्न घालतो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझें मस्तक फुटेल, अशी तंबी देतो. म्हणजे पाश्चात्त्य नव्या नगरांत मौन हा पहिला कायदा, तर आमच्या जुन्या स्मशानांत सत्ताधाऱ्याचें मौन हाच पहिला गुन्हा! सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात; रात्रीं गांवाची राखण करीत फिरतांना त्या झिजतात अशी त्यांची श्रद्धा आहे. ती खरी कीं खोटी हा येथें प्रश्न नव्हे. त्या कल्पनेंत रात्रीं हिंडणारा गांवासाठीं झिजतो. गांव त्याच्यासाठीं झिजत नाहीं. आमचें सारेंच जुनें तेवढें चांगलें असें म्हणण्याचा मोह आम्हांस नाहीं. पण अद्भुताची कथा सांगतांनाही सामान्य मनुष्याचा विसर पडूं द्यावयाचा नाहीं, हें साधतें, एवढें ह्या उदाहरणांवरून दिसतें.

अशीं पुस्तकें जप्त करावीं, चित्रपट बंद पाडावे, असें आम्ही कदापि म्हणत नाहीं. बंदीनें पिशाच्च मरत नाहीं हा अनुभव १७५५ पासूनचा आहे. आमचें मागणें लेखकांकडे आणि वाचकांकडे आहे. लेखकांनीं खुशाल टोळ्यांचें नगर रचावें, त्यांत तह घालावे, परवाने छापावे. पण ज्याच्या नांवानें परवाना निघाला त्याच्या घरीं एकदां तरी जावें, तेथें दिवा कोण लावतो आणि जेवावयास कोण थांबलें आहे तें पाहावें. वाचकांनीं पुस्तक मिटतांना एवढेंच स्वतःला विचारावें कीं, येथें ज्याचें रक्त गेलें त्याचें नांव मला आठवतें काय. आठवत असेल तर ती कथा भुतांची असूनही माणसांची आहे. आठवत नसेल, तर वाचकानेंही त्या परवान्यावर आपली सही केली आहे, असें आम्ही समजतों.