वरची ओळ, खालची ओळ

काय मुलांनो, भेंड्या खेळता ना? भेंड्यांत आपण शेवटच्या अक्षराची वाट बघतो. जपानमध्ये मात्र एक असा खेळ आहे की पहिलं अक्षर कानावर पडलं की झडप घालायची! त्याचं नाव कारुता.

100 कवींच्या 100 जुन्या कविता. वाचणारा कवितेचा वरचा भाग म्हणू लागतो आणि खालचा भाग लिहिलेली पत्ती चटईवरून उचलायची. चटईवर पत्त्या 50च, दोघांच्या पुढ्यात 25-25. कुठली कुठे आहे हे पाठ करायला 15 मिनिटं. उरलेल्या 50 पत्त्या बाहेर असतात, पण त्यांच्या कविताही मध्येमध्ये वाचतात. तेव्हा फसून हात मारलात की चूक! आपल्या बाजूच्या पत्त्या आधी संपवेल तो जिंकला.

या खेळावर युकी सुएत्सुगु यांनी 'चिहायाफुरू' ही चित्रकथा काढली. अशा चित्रकथेला तिकडे 'मांगा' म्हणतात. ती 2007 ते 2022 चालली, 50 खंड झाले! 2016 साली तिच्यावर दोन सिनेमे आले. मार्चमध्ये 'वरची ओळ', एप्रिलमध्ये 'खालची ओळ'. हो, जपानी नावांचा अर्थ अगदी असाच आहे. म्हणजे पहिलाच बघून उठलात तर अर्धीच कविता ऐकलीत.

पहिल्यात चिहाया नावाची मुलगी मित्र ताइचीला घेऊन शाळेत पाच जणांचा संघ जमवते. तिला या खेळाचं वेड लावलं ते लहानपणीच्या अराताने. पण त्यानेच आता खेळ सोडलाय. ज्या आजोबांनी त्याला शिकवलं ते गेले, तेव्हा तो स्पर्धेला गेला होता. ते त्याच्या मनातून जात नाही.

दुसऱ्या भागात राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिथे शिनोबू येते, या खेळाची राणी. ती आवाज न करता नेमक्या पत्तीला बोट लावते. संघबिंघ तिला नकोच. तिला हरवायचं, एवढंच चिहायाच्या डोक्यात बसतं आणि पाचातले चौघे तिला दिसेनासे होतात. ताइची रागावतो ते मला पटलं. डी.एड.ला असताना खो-खोमध्ये सगळे गडी मीच टिपणार म्हणून मी खो द्यायचंच विसरायची. मैत्रिणी दोन दिवस बोलल्या नव्हत्या!

मध्ये सिनेमा जरा रेंगाळतो. पण अराता पुन्हा चटईवर बसतो का, हे बघायला थांबा. मी सांगणार नाही. पालकहो, लहानांबरोबर तुम्हीही बसा. आजोबांचा भाग आला की प्रश्न येतील.

तर शनिवारी आम्ही वर्गात म्हणींच्या पत्त्या केल्या. अर्धी म्हण मी म्हणायची, उरलेली सतरंजीवर. मी 'नाचता' म्हणेपर्यंत अंगण वाकडं पळालंसुद्धा! पण 'आ' म्हटलं की गोंधळ. आयत्या, आधी की आवळा? खऱ्या कारुतातही पहिल्याच अक्षरावर ओळखू येणाऱ्या कविता फक्त 7 आहेत, बाकीच्यांना थांबावं लागतं. आमचं कोण थांबतंय! 'विठोबा'वर चार हात एकदम पडले आणि पत्ती फाटली. आता जाड पुठ्ठा शोधतेय.